तिसरी किल्ली

“एका पेटीला तीन कुलपं कशाला हो, गोगो?”

मिहिर टिल्लूनं पुन्हा विचारलं.

पठ्ठ्या पुण्याहून थेट आफ्रिकेत, मलावीतल्या या खेड्यात येऊन धडकला होता. नोकरी एका परदेशी संस्थेत, मुक्काम जवळच्या शहरात. बायकांच्या बचत गटाची पत्र्याची पेटी बंद करायची आणि सगळा व्यवहार मोबाइलवर आणायचा, हे त्याचं काम. या गटानं हो म्हटलं की आसपासची गावंही तयार होणार होती. नाही म्हटलं, तर त्याला गाशा गुंडाळावा लागणार होता. तसं साहेबांनी बजावलंच होतं.

गोगो म्हणजे तिकडची आजी. एस्नात गोगो या गटाची प्रमुख. आंब्याखाली चटईवर बसून ती शेंगा सोलत होती.

“थांब जरा.”

“कुणासाठी?”

“तमांदानीसाठी. तिसरी किल्ली तिच्याकडं आहे.”

गटाची रीतच तशी. तीन किल्ल्या तीन घरी, आणि तिघी जमल्याशिवाय पेटी उघडत नाही. दोघी केव्हाच आल्या होत्या. बाकीच्या बायका खुशाल गप्पा मारत होत्या. मिहिरचा जीव मात्र खालीवर होत होता.

“हेच तर म्हणतोय मी! एक बाई आली नाही, की सगळ्यांचा खोळंबा. मोबाइलवर घरबसल्या होईल सगळं. कुणी कुणाची वाट बघायला नको.”

“कुणी कुणाची वाट बघायला नको…”

गोगोनं शेंगा बाजूला सारल्या.

“चला गं.”

सगळ्या उठून चालू लागल्या. पेटी आंब्याखालीच.

“अहो, पेटी! पैसे आहेत ना त्यात!”

कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. मग काय, मिहिरनंच ती जड पेटी डोक्यावर घेतली आणि मक्याच्या शेतातून धापा टाकत त्यांच्या मागं निघाला.

तमांदानी ओढ्यापलीकडं राहायची, एकटीच. दार लोटलं, तर बाई जमिनीवर पडलेली. अंग तापानं फणफणलेलं, ओठ सुकलेले. पाण्याचं मडकं कोरडं ठणठणीत.

मिहिर डोक्यावरच्या पेटीसकट दारातच उभा राहिला.

“बघतोस काय, पोरा? हात लाव!”

त्यानं पेटी तिथंच टाकली. चटईची झोळी करून सगळ्यांनी तिला दवाखान्यात पोचवलं. मलेरिया होता. सलाइन लावता लावता नर्स म्हणाली, उद्यावर गेलं असतं तर कठीण होतं.

पेटी मागाहून कुणीतरी आणली. त्या दिवशी ती उघडलीच नाही.

मिहिर दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला. बाई वाचली म्हणून त्याला फार बरं वाटत होतं, आणि सकाळचं आपलं बोलणं आठवून तितकीच लाजही वाटत होती.

“गोगो… साहेबांना काय कळवू? हो, की नाही?”

“तुझ्या साहेबांचं तू बघ.”

तिनं तमांदानीच्या गळ्यातली किल्ली आणली होती. ती त्याच्या हातावर ठेवली.

“ती बरी होईपर्यंत ही तुझ्याकडं.”

“माझ्याकडं? अहो, मी शहरात राहतो, तोही एकटा. आणि एखाद्या बैठकीला नाहीच आलो तर?”

गोगो गुडघ्यावर हात टेकून उठली.

“तर आम्ही येऊ.”