वाळ्याचं घर भिजेना

यमूकाकूच्या अंगणात होती कुंडी. कुंडीत होतं जास्वंद. जास्वंदाच्या मुळाशी राहायचा वाळा.

वाळा म्हणजे साप. पण इवलासा! गांडुळाएवढा. डोळ्यांना त्याच्या दिसायचं कमी.

एकदा वाळा बाहेर आला. वर तापलं ऊन. माती वाळली. दगड झाली! वाळ्याने डोकं आपटलं, टक्! शेपूट आपटलं, टक्! माती फुटेना.

"आई गं! माझं घर!"

अंग लागलं सुकायला.

वळवळ वळवळ... वाळा गेला यमूकाकूकडे.

"काकू काकू, कुंडीत पाणी घाल ना!"

"अरे, ती माझी चप्पल! मी इकडे आहे."

वाळा वळला. "काकू काकू, कुंडीत पाणी घाल ना!"

"कसं घालू? झारीत बसलाय बेडूक. मला वाटते भीती! बेडूक निघेल, तर घालीन."

वळवळ वळवळ... वाळा गेला बेडकाकडे.

"काकू पाणी घालीना, घर माझं भिजेना! बेडूकदादा, निघ ना!"

"डराँव! कसा निघू? बाहेर बसलीय दिवड. पाण्यातला साप! मला करील गट्ट. दिवड जाईल, तर निघेन."

वळवळ वळवळ... वाळा गेला दिवडीकडे.

"बेडूक निघेना, काकू पाणी घालीना, घर माझं भिजेना! दिवडताई, जा ना!"

"फुस्स! कशी जाऊ? ओढ्याच्या वाटेवर पसरलीय घोरपड. घोरपड हलेल, तर जाईन."

वळवळ वळवळ... वाळा गेला घोरपडीकडे.

"दिवड जाईना, बेडूक निघेना, काकू पाणी घालीना, घर माझं भिजेना! घोरपडमावशी, हल ना!"

"कुठे हलू? बिळात माझ्या शिरल्या मुंग्या. कडकड चावतात मेल्या! मुंग्या पळतील, तर हलेन."

वळवळ वळवळ... वाळा गेला मुंग्यांकडे.

"घोरपड हलेना, दिवड जाईना, बेडूक निघेना, काकू पाणी घालीना, घर माझं भिजेना! मुंग्यांनो, पळा ना!"

"कशाला पळू? बिळात आहेत आमची अंडी. ढीगभर!"

"अंडी?" वाळ्याने जीभ काढली. "मऊ मऊ?"

"मऊ मऊ!" एक मुंगी म्हणाली.

"पांढरी पांढरी?"

"पांढरी पांढरी!"

"अगं, गप्प बस!" दुसरी मुंगी ओरडली.

पण वाळा शिरलासुद्धा! गट्टम! गट्टम! गट्टम!

"अगं बाई, हा तर अंडी खातो!"

उरलेली अंडी तोंडात धरली आणि मुंग्या पळाल्या. तुरुतुरु तुरुतुरु!

मुंग्या पळाल्या, घोरपड हलली. धप् धप्!

घोरपड हलली, दिवड गेली. सळसळ सळसळ!

दिवड गेली, बेडूक निघाला. टुणुक!

बेडूक निघाला, काकूने झारी उचलली. तेवढ्यात बेडूक पुन्हा टुणुक! थेट काकूच्या पायावर!

"अगं आई गं!" काकू उडाली. झारी कलंडली. सगळं पाणी कुंडीत. घळघळ घळघळ!

माती झाली मऊ. लोण्यासारखी मऊ!

वळवळ वळवळ... वाळा आला कुंडीत. डोकं आत. सुळ्ळ!

पोट... पोट अडकलं! अंडी फार झाली ना!

एक ढुशी. दोन ढुश्या.

पोट आत. शेपूट आत.

सुळ्ळ!