सोवळ्यातली पेटी

"...आणि या पेटीला शेवटचा हात कोणी लावला?"

ताम्हणेबाईंनी विचारलं आणि प्रणिल खैरनारची छाती फुगली.

"कोणीच नाही, बाई. मी सेटिंग केलं, दार लावलं. तेव्हापासून कोणाला फिरकू दिलं नाही."

दूध संघाचं डेटा सेंटर ते. संघाचे सगळे सर्व्हर त्या एका पेटीत. संध्याकाळी टँकर आले की वजन, फॅट, सगळं तिच्यावर चालतं. पेटी गप्प झाली तर टँकर फाटकाबाहेर आणि दूध नासायला मोकळं. बाई निवृत्त होत होत्या. पेटी प्रणिलच्या हाती द्यायची की नाही, हे त्यांना ठरवायचं होतं.

दारावर खंडेनवमीचं कुंकू, खाली पाटी : हात लावू नये.

"म्हणजे सोवळ्यात आहे," बाई म्हणाल्या.

"तसंच समजा."

"पेटीतून माहिती बाहेर जायच्या वाटा किती?"

"दोन. डावी केबल, उजवी केबल. एक गेली की सगळं काम आपोआप दुसरीवर जातं."

"जातं?"

"जाणारच. सेटिंगच तसं आहे."

"गेलेलं पाहिलंस?"

प्रणिलने पाटीकडे बोट दाखवलं.

"बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर," म्हणत बाईंनी दार उघडलं. "काढ डावी."

त्याचा हात पुढे गेला, मागे आला.

"बाई... चालू आहे हो सगळं. उगाच विषाची परीक्षा कशाला?"

बाईंनी चष्मा वर सरकवला आणि केबल उपसली.

पेटीशेजारच्या पडद्यावरचा हिरवा दिवा तांबडा झाला.

प्रणिलने डोळे मिटले. मी, बाईंचा मदतनीस, शेजारी उभा होतो. माझेही मिटले, खोटं कशाला बोलू.

...

"बघ," बाई म्हणाल्या.

दिवा पुन्हा हिरवा झाला होता. मी वजनकाट्यावर फोन लावला. पलीकडून दगडूकाका म्हणाले, "चालूय की. का हो?"

प्रणिल मटकन खाली बसला. हसत होता आणि डोळ्यांत पाणी.

"चाललं, बाई. खरंच चाललं."

इतका वेळ छातीठोक सांगत होता, आणि सगळ्यात जास्त नवल त्यालाच वाटलं.

बाईंनी डावी केबल परत लावली. उजवी त्याने आपण होऊन काढली, डोळे उघडे ठेवून. डावीवरूनही काम चालू राहिलं. किती हलकं वाटलं म्हणून सांगू.

जिवात जीव आला तशी त्याला शंका सुचली.

"पण बाई, बंद पडलं असतं तर?"

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. दुपारचे दोन. टँकर यायला अजून बराच अवकाश होता.

"तर दुपारी पडलं असतं."