धाकट्याची बारीक अक्षरं

एकदा एका डोंगराळ गावात एक वृद्ध वैद्य वनौषधींवर ग्रंथ तयार करीत होते. दोन सख्खे भाऊ त्यांचे शिष्य होते. रानात हिंडून पाहिलेल्या वनस्पतींची वर्णनं दोघे संगणकावर लिहीत. एके दिवशी थोरला ओल्या कड्यावरून घसरला आणि गेला. धाकटा एकटा उरला.

वैद्यांची दृष्टी वयोमानानं अधू झाली होती. थोरला गेल्यापासून ते रोज सकाळी म्हणत, "बाळ, पडद्याचं माप वाढव." धाकटा सेटिंगमध्ये जाऊन माप दुप्पट करी. अक्षरं, चित्रं, बटणं, सगळंच फुगून मोठं होई. मग वैद्य थोरल्याचं लेखन वाचीत बसत, एकेका शब्दाशी थांबत. ते आटोपलं की म्हणत, "आता माप पहिल्यासारखं कर. तुझं काढ आणि वाच." धाकटा वाचून दाखवी, वैद्य डोळे मिटून घेत.

ते मिटलेले डोळे धाकट्याला सलू लागले. गेलेल्या भावाचा हेवा वाटतो याची त्याला लाज वाटे, तरी हेवा वाढतच होता. ज्याच्या आठवणीनं ताटातलं अन्न तसंच राहायचं, त्याच्याच अक्षरांकडे तो जळफळत पाही.

एका सकाळी त्यानं माप वाढवलंच नाही. थोरल्याचं लेखन तसंच बारीक अक्षरांत उघडून दिलं. वैद्य तसेच पुढे सरकले. पडद्याला नाक टेकेल इतके वाकले आणि वाचू लागले. डोळ्यांतून पाणी गळू लागलं. ते धोतराच्या सोग्यानं पुसत आणि पुन्हा वाचीत.

धाकट्याला राहवलं नाही. "दिसत नाही ना? मग सोडा की! मोठ्याचं मोठं आणि धाकट्याचं बारीक, हाच न्याय ना इथला? माझं कधी डोळे उघडून तरी पाहिलंत? उद्या मी माझ्या गावाला जातो. बसा त्यालाच घेऊन!"

"उद्या कशाला? तुझा राग आत्ताच निघालेला दिसतोय," वैद्य म्हणाले. "तू मात्र जरा बस."

धाकटा उभाच राहिला.

"बाळ, मोठ्या मापात पडद्यावर चारच ओळी मावतात. सारखं खाली सरकवताना तू अडखळतोस. तुझे डोळे तरुण आहेत, म्हणून तुझ्यासाठी माप कमी करायला सांगतो. आणि तू वाचतोस तेव्हा मला डोळे कशाला हवेत? कुठं तुझी खात्री आहे, कुठं अंदाजानं लिहिलंस, ते तुझ्या आवाजातच कळतं. शंका आली तर तुला विचारता येतं. त्याला कसं विचारू? हे बघ, पानाला लव आहे असं त्यानं लिहिलंय. वरून की खालून, ते राहूनच गेलं. त्याच्याकडून मला आता फक्त अक्षरं मिळणार. ती तरी मोठी करून पाहू नकोत का?"

धाकटा खाली बसला. पडद्यावरची ती ओळ वाचून म्हणाला, "खालून. तीही पान कोवळं असेपर्यंतच. आम्ही दोघांनी मिळून पाहिलं होतं."

"मग लिही तसं. त्याच्या ओळीखालीच."

धाकट्यानं आधी गुरुजींना दिसेल इतकं माप वाढवलं, आणि मग लिहायला घेतलं.

ज्याला समोर बसवून ऐकलं जातं, त्यानं अक्षरांच्या आकारावरून माया मोजू नये.