नवव्या चुलीचे उत्तर

एका राज्यात, आणि तेही आपल्या पृथ्वीवर नव्हे, दोन चंद्रांच्या एका दूरच्या ग्रहावर, जिकडे पाहावे तिकडे रान आणि रानच. माणसे मोजकी. अख्ख्या ग्रहावर वस्त्या नऊ, आणि एकीकडून दुसरीकडे जायचे तर दोन दिवसांची पायपीट. राजा होता, वीरमदेव. पण राज्य चाले ते पहिल्या मांत्रिकाने फार पूर्वी घालून दिलेल्या नेमाने. झाड पाडायचे असो की ओढा वळवायचा, नऊही वस्त्यांना विचारावे, आणि ज्याला विचारले त्याला विचार करायला तीन दिवस द्यावेत. नवव्या वस्तीत एकच चूल पेटे, कोंडाजी नावाच्या म्हाताऱ्याची.

एका उन्हाळ्यात सातव्या वस्तीची कारभारीण भिवरा सभेत उठली. तिच्या लोकांना पाणी लांब पडे, म्हणून ओढा वस्तीकडे वळवून हवा होता. आठ वस्त्यांचा होकार मिळाला.

"नववी राहिली," राजा म्हणाला.

"महाराज, एकट्या म्हाताऱ्याला काय विचारायचे? तो थोडाच नाही म्हणणार आहे?"

सभा हसली. हसायला काय जाते! राजालाही घाई होती. बांध घातला, ओढा वळला, आणि त्याच दिवशी रानाने साऱ्या वाटा गिळल्या. वस्ती वस्तीला पारखी झाली.

आता पाहा दैवाची गंमत. भिवरेची एकुलती लेक सोनजाई तिसऱ्या वस्तीत दिलेली. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. भिवरेचा जीव टांगणीला लागला. कोयता घेऊन ती लेकीकडे निघाली. झाडे आपणहून बाजूला सरली, बाई खूश झाली. आणि पोचली कुठे, तर कोंडाजीच्या दारात. तशीच फणकाऱ्याने माघारी फिरली. दुसऱ्यांदा ओढ्याच्या कोरड्या पात्रातून गेली. तेच दार. तिसऱ्यांदा उलट्या दिशेने गेली. पुन्हा तेच दार, आणि वर वळचणीला एक धनेश पक्षी बसलेला.

"किती फिरशील, बाई?" धनेश म्हणाला. "विचारायचे राहिले, ते विचारल्याशिवाय दुसरी वाट नाही."

कोंडाजी अंगणात नाचणी पाखडत होता. भिवरा त्याच्यापुढे उभी राहिली.

"बाबा, ओढा वळवू का?"

"वळवलास की, पोरी."

तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले. "चुकले माझे. आता विचारते."

"मग तीन दिवस थांब."

"लेक अडली असेल, बाबा. आत्ताच हो म्हणा."

म्हाताऱ्याने सूप खाली ठेवले. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. "म्हटले असते गं. पण ती दया होईल, उत्तर नव्हे. रानाला फरक कळतो."

भिवरा थांबली. पहिल्या दिवशी लेकीच्या नावाने ओक्साबोक्शी रडली. दुसऱ्या दिवशी कोंडाजीची घागर उचलून पाणी आणायला गेली, तर दारचा ओढा कोरडा, आणि झरा टेकडीपलीकडे; जाऊन येईतो ऊन कलले. हा म्हातारा आता रोज एवढे चालतो, आणि आपल्याला ठाऊकही नाही! तिसऱ्या दिवशी तिने न सांगता दोन खेपा केल्या.

चौथ्या सकाळी कोंडाजी म्हणाला, "नाही."

"होय, बाबा. नाहीच म्हणायला हवे," भिवरा म्हणाली.

ते उत्तर घेऊन ती निघाली, तेव्हा रानाने तिला थेट बांधावर नेले. वस्तीचे लोक कुरकुरले, पण तिने पहिला दगड स्वतः उपसला. पाणी जुन्या पात्रात उतरले आणि नऊही वस्त्यांच्या वाटा मोकळ्या झाल्या. सातव्या वस्तीच्या बाया आजही लांबून पाणी आणतात, आणि नववीचे उत्तर येईपर्यंत राजासुद्धा सभेतून उठत नाही.

भिवरा दोन दिवस धावतपळत लेकीच्या दारी पोचली. सोनजाई उंबऱ्यात बसली होती, कुशीत चार दिवसांची मुलगी.

"आई, फार हाका मारल्या गं तुला. आली नाहीस."

"नाही आले, बाय. दुसऱ्या एकाचे ऐकायला थांबले होते."

सोनजाईने तोंड फिरवले. मग तिने बाळ उचलून आईच्या मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "आता हिचे नाव काय ठेवायचे, ते मला विचार."