अंगठ्याचा ठसा

फार जुनी गोष्ट. वेळ सकाळची, ऊन चढण्याआधीची. जागा एका राजधानीतल्या दुरुस्तीखान्याचं अंगण. दुरुस्तीखान्याचा कारभार पाहणाऱ्या नव्या नाइकानं सगळ्या गवंड्यांना तिथं बोलावलं आणि प्रत्येकाच्या हातात एकेक पितळी शिक्का ठेवला.

त्या शहरात पाणी मातीच्या नळांतून घरोघर जाई. नळ फुटला की गवंडी येई, सांधा चुन्यानं भरी आणि ओल्या चुन्यात आपला अंगठा दाबी. तशी रीतच होती. सटवाजी गवंड्याच्या अंगठ्यावर जुन्या जखमेचा आडवा व्रण होता. सांधा पाझरला की गल्लीतल्या बाया थेट हाक मारत, "सटवाजीदादा, तुमचा अंगठा रडतोय!" सटवाजी हातातला घास टाकून धावे.

नाईक म्हणाला, "आजपासून अंगठे बंद. सांध्यावर दुरुस्तीखान्याचा शिक्का उठेल."

"का बरं, नाईक?" सटवाजीनं विचारलं.

"लोक दुरुस्तीखान्याला ओळखत नाहीत, तुला ओळखतात. उद्या दुसरीकडे गेलास तर गिऱ्हाइकंही नेशील."

"जायचं माझ्या मनातही नव्हतं," सटवाजी म्हणाला.

गवंडी कुरकुरले, तेव्हा नाइकानं त्यांचं मन राखायला जेवणावळ घातली. सटवाजीसमोर स्वतः जिलबी वाढली.

"जिलबी गोड आहे, नाईक. पण अंगठा कापून घेतल्यावर खायची कशानं?"

नाईक हसला. त्याला ती थट्टा वाटली.

एकदा सटवाजीला वाटेत एक सांधा पाझरताना दिसला. वर शिक्का होता. 'माझा नसेल,' असं म्हणून तो पुढे गेला. कोपऱ्यावर त्याला स्वतःचीच शरम वाटली. तो परतला, सांधा भरला, शिक्का नाइकाच्या उंबऱ्यावर ठेवला आणि शेजारच्या राज्यात निघून गेला. मागोमाग एकेक चांगला हात गेला. नाइकानं मग ज्याला नुसतं घमेलं उचलता येई त्यालाही शिक्का दिला.

पावसाळ्यात कासारांच्या गल्लीत एक सांधा निखळला आणि गटाराचं पाणी नळात शिरलं. ते पाणी पिऊन त्या गल्लीतली लहान पोरं दगावली. दरबारात चौकशी बसली. नाईक म्हणाला, "शिक्का आमचा खरा. पण हात कोणाचा, मला काय ठाऊक?" दरबारानं मान डोलावली. नाईक नाईकच राहिला.

तो सांधा कोणी भरला होता, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

तात्पर्य: ज्याच्या हातावरचं नाव तुम्ही पुसता, तो हात तुमच्यापाशी टिकत नाही.