न मोजलेली लव्हाळी

पूर्वी कंकावती नगरीत सुदर्प राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व धान्य मोजणाऱ्या मापाऱ्याच्या कुळात जन्मले आणि मोठेपणी राजाचे मापारी झाले. त्या नगरीची एक रीत होती. धान्याची पहिली पायली ओतताना मापारी 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणे. त्याने 'लाभ' म्हटल्याशिवाय कुठलंही काम सुरू होत नसे, आणि खोटा 'लाभ' म्हणणं हे मापाऱ्याला महापाप.

एकदा राजाला लहर आली. राजांना काय, लहरी येतातच! रान, नदी, डोंगर माणसाला काय काय देतात ते मोजा, त्याची वर्गवारी करा, असं फर्मान सुटलं. अमात्य पिंगल कामाला लागला. खाण्याचं पहिल्या राशीत, घर बांधायचं दुसऱ्या, औषधाचं तिसऱ्या, देवपूजेचं चौथ्या. नगरीच्या वरच्या अंगाला नदीच्या पात्रात लव्हाळ्यांची मोठी दलदल होती. ती मात्र कुठल्याच राशीत बसेना.

"डासांखेरीज काय देते ती?" पिंगल म्हणाला. "बुजवून टाकू. भात लावू."

शहाणाच तो! राजाने मान डोलावली. माणसं फावडी घेऊन दलदलीवर जाऊन उभी राहिली. दरबारात बियाण्याचा भात आला. बोधिसत्त्वांनी पायली भरली आणि ते गप्प उभे राहिले.

"मापाऱ्या, 'लाभ' म्हण," राजा गरजला.

"नाही म्हणणार, महाराज."

"जीभ छाटीन!"

"छाटा. मग तर मुळीच म्हणता येणार नाही."

बोधिसत्त्वांनी सकाळीच नदीवरून भरून आणलेले दोन घडे पुढे ठेवले. एकात दलदलीच्या वरचं पाणी, दुसऱ्यात लव्हाळ्यांतून पुढे आलेलं खालचं.

"मापात दोन्ही पायलीभरच आहेत," ते म्हणाले. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? अमात्यांनी वरचं पाणी प्यावं. ते प्याले की मी 'लाभ' म्हणतो."

पिंगलने घड्यात डोकावलं. गाळ, शेण, वर फुगलेला बेडूक. खालच्या पाण्याच्या घड्यात तळ दिसत होता. सगळी नगरी तेच पाणी पीत होती.

"पी," राजा म्हणाला. पिंगलचा हात काही पुढे झाला नाही.

राजाने बोधिसत्त्वांना विचारलं, "मग ही दलदल कुठल्या राशीत घालू?"

"कुठल्याच नाही. पाचवी जागा रिकामी ठेवा आणि 'मापाऱ्याला मोजता आलं नाही' एवढंच तिथे लिहा. माप माझं तोकडं पडलं, महाराज. त्याची शिक्षा लव्हाळ्यांना कशाला?"

राजाने फावडी परत बोलावली.

एवढी गोष्ट सांगून शास्त्यांनी, म्हणजे विहारातल्या भिक्षूंच्या गुरूंनी, समोर पाहिलं. विहारामागचं 'बिनकामाचं' डबकं बुजवायला निघालेला भिक्षू तिथे बसला होता, आणि त्याला होकार देणारे वृद्ध स्थविरही.

"तेव्हाचा पिंगल तो हा, तेव्हाचा राजा ते हे स्थविर, आणि 'लाभ' न म्हणणारा मापारी तो मीच. जे मोजता येत नाही त्याला 'काहीच नाही' न म्हणणं, जीव गेला तरी न म्हणणं, ही सत्यपारमिता, सत्याची पराकाष्ठा."

भिक्षूने मांडीखाली लपवलेलं फावडं काढलं आणि शास्त्यांच्या पायाशी ठेवलं.