धुरपदाक्काचा बांध

तुमच्या पणज्याचा पणजा रांगत होता, तेव्हाची ही गोष्ट. सावरदरा गावात धुरपदाक्का नावाची बाई होती. तिने स्वतःच्या रानात, स्वतःच्या बैलांनी, ओढ्यावर मातीचा बांध घातला. माती टाकायची, पाणी शिंपडायचं, वरून बैल फिरवायचे. असं म्हणतात, तिने तुडवलेल्या मातीत कुदळसुद्धा विचारून शिरायची.

बांधाला एक मोरी होती. अक्का ती उघडायची तेव्हा पाणी आधी टोकाच्या वावराला, मग जवळच्यांना, आणि स्वतःला सगळ्यांत शेवटी. इतक्या न्यायाने वागणाऱ्या माणसाशी गाव जसं वागतं, तसंच सावरदराही वागलं.

उन्हाळ्यात तुळाजी पाटील म्हणत, "अक्का, बांध तुझा असेल, पाणी गावाचं आहे."

पावसाळ्याआधी अक्का म्हणायची, "खेकड्यांनी बांध पोखरलाय. घरटी एक पाटी माती आणा."

मग तेच पाटील म्हणत, "पाणी गावाचं असेल, पण बांध तुझा आहे ना?"

वर्षानुवर्षं अक्का एकटीच बिळं बुजवत राहिली. आणि एका आषाढात ओढ्याला असा पूर आला, की बांधाला खांड पडली, मधोमध भगदाड झालं. खाली गाव होतं. सगळे धावत आले. पाटी कुणीच आणली नव्हती, मतं मात्र प्रत्येकाने आणली होती.

राणू शेळके म्हणाला, "गाव वाहून गेलं तर अक्काला जबाब द्यावा लागेल."

"आधी बांध कुणाचा ते ठरू दे," पाटील म्हणाले.

"ठरवा की," अक्का म्हणाली. "पण उभ्याने कशाला, पाटील? बसा. इथं." आणि तिने खांड दाखवली.

पाटील बसले. पाटील बसल्यावर राणू कसा उभा राहील? मग सगळं गाव खांद्याला खांदा लावून खांडीत बसलं. जो आधी उठेल तो हरला, म्हणून कुणी उठेना, आणि पाण्याला वाट मिळेना. अक्का मागून माती टाकत राहिली, तुडवत राहिली. असं म्हणतात, पाऊस थकला, पण वाद थकला नाही.

माती कमरेपर्यंत आली तेव्हा पाटलांनी वळून पाहिलं. "अक्का, हे काय?"

"तुमचं चालू द्या."

पूर ओसरल्यावर सगळ्यांना उकरून काढावं लागलं. पाटलांचं एक पायताण अजून आत आहे, असं म्हणतात. अक्काने रिकामी पाटी बांधावर ठेवली. "ठरलं की हाक मारा," म्हणाली आणि ओढ्याच्या काठाने वर चालत गेली. ती पुन्हा कुणाला दिसली नाही.

आजही मृगाआधी घरटी एक पाटी माती बांधावर येते. माणसं त्याच जागी बसून बांध कुणाचा यावर भांडतात, आणि भांडता भांडता माती तुडवून होते. मोरी उघडली की पाणी आधी टोकाला जातं.

एका वर्षी कुणी शहाणा म्हणाला, "सगळ्यांचाच आहे म्हणा आणि मारा हाक. मिटवा एकदाचं."

"आणि ती आली म्हणजे?" एका म्हाताऱ्याने विचारलं. "इतकी वर्षं कशाला लागली, ते तूच सांग तिला."

सगळे उठले आणि माती तुडवू लागले.